हिरवा दिवा ७ वेळा

संगणक कक्षातला पहिल्या पिढीचा (२०१२) रास्पबेरी पाय आम्ही भंगारात काढायचे ठरवले होते. लाल दिवा लागे, पण लिनक्स काही येईना. शेवटी मुलांनी हिरव्या दिव्याची उघडझाप मोजली. ७ वेळा! म्हणजे कर्नलची फाइल सापडत नाही.

या पायमध्ये आधी जागा होतो तो चित्रे काढणारा प्रोसेसर. मुख्य प्रोसेसर झोपलेलाच! चिपमध्ये कायमची कोरलेली छोटी आज्ञावली कार्डावरून ‘बूटकोड.बिन’ उचलते. ती मेमरी चालू करून ‘स्टार्ट.एल्फ’ आणते. ती कर्नल मेमरीत ठेवते आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवते.

म्हणजे आमची गाडी शेवटच्या टप्प्यावर अडली होती. बोर्ड धडधाकट, दोष कार्डात. कार्ड नव्याने लिहिताच लिनक्स आले. नव्या बोर्डासाठी विश्वस्तांकडे दिलेला अर्ज आम्ही मागे घेतला आहे.