कानानं खेळायचा गेम

१. आवाज बंद करून गेम खेळू नये. अकोल्यात आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरचे काका टीव्हीचा आवाज मुद्दाम बारीक ठेवत. पोट्टे बोंबलायचे, "काका, आवाज वाढवा नं, मरून राह्यलो आम्ही!" तक्रार खरी होती. 'सुपर मारिओ'त घड्याळ शंभराखाली उतरलं की धून पळायला लागते. कोपऱ्यातला आकडा पाहायला डोळ्यांना सवड नसते, ती बातमी कान देतो. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'नं हे चार खर्ज स्वरांत साधलं होतं. शत्रू कमी होत तशी स्वरांची गती वाढे.

२. साधनं तोकडी असली तर चाल पक्की लागते. 'मारिओ' (१९८५) ज्या यंत्रासाठी बनला, त्यात आवाजाच्या वाटा पाचच. संगीतकार कोजी कोंदो यांना सूर, साथ, खर्ज, ताल सगळं त्यातच बसवायचं होतं. वर मारिओनं उडी मारली की तो आवाज एक वाट हिसकावतो आणि संगीताचा तेवढा तुकडा गप्प होतो. कुणाला कळतही नाही. चाल कानात आधीच बसलेली असते. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ही धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. गेम संगीतातली ती पहिलीच.

३. खेळणारा एका लेव्हलवर किती वेळ अडकेल, सांगता येत नाही. म्हणून धुनेला शेवट नसावा, परत फिरायची जागा असावी. मोझरीकडचं खंजिरी भजन ऐकलेल्याला हे शिकवावं लागत नाही: ठेका तोच, लय मात्र समोरचे लोक पाहून चढते. मी आता अमरावतीत फोनवरच्या गेमसाठी अशाच धुना बांधतो. परीक्षा स्वयंपाकघरात. स्वस्त फोनवर धून चालू ठेवायची, आणि आई "बंद कर बाप्पा ते टुणटुण" म्हणाली की सगळ्यात चढा सूर कापायचा.

४. लेव्हलअखेरचा बॉस येण्याआधी संगीत थांबवा. धडकी भरायला तेवढं पुरतं.

५. "इंडियन टच द्या" म्हणजे गिऱ्हाइकाला सतार-तबला हवा असतो. 'राजी' (२०२०) हा गेम पुण्यात बनला, संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं; म्हणजे जन्मगाव आड येत नाही, कान लागतो. मी डफडं वापरतो. अभिमान आहेच, पण कारण वेगळं: फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर तबल्याचा बायाँ गिळला जातो, डफड्याचा कडक ठोका मात्र बसस्टँडच्या गलक्यातही ऐकू येतो.