आधी पावसाचा हिशेब, मग मशीनचा

लॉनमोवर घ्यायचा असेल तर किमतीच्या आधी पाऊस बघावा. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. गवत वाढतं तेही याच दिवसांत. म्हणजे मशीनची खरी गरज असते तेव्हा गवत ओलं, जमीन पचपचीत आणि उघडीप मिळालीच तर तास-दोन तासांची. माहितीपत्रकातलं मशीन मात्र नेहमी कोरड्या, सपाट हिरवळीवर उभं असतं.

आमचं घर दहिवलीत, उल्हास नदीच्या अंगाला. भोवती तीनेक गुंठे मोकळं आवार. पूर्वी पावसाळ्यात बाया विळे घेऊन यायच्या, गवत कापून भारे बांधून गुरांसाठी न्यायच्या. कोणी कोणाला पैसे द्यायचा प्रश्न नव्हता. पुढे गुरं कमी झाली, बाया येईनाशा झाल्या आणि मुलाने ठाण्याहून विजेवरचं मशीन पाठवलं. चौदा इंची पातं, मागे कापडी पिशवी, उचलायला हलकं. मे महिन्यात माळ्याने ते फिरवून बघितलं तेव्हा सगळे खूश होते. जुलैत ओल्या गवताचा लगदा पात्यावरच्या झाकणाला आतून चिकटायला लागला. पिशवीकडे जायची वाट चोंदायची, मोटर घुं घुं करून बंद पडायची. मागून येणारी केबल ओल्या गवतातून ओढायची, तीही पात्याखाली येणार नाही याकडे एक डोळा ठेवून. मशीन वाईट नव्हतं. शहरातल्या सोसायटीच्या बागेत ते अजूनही सुखाने चाललं असतं.

तेव्हा पहिला प्रश्न असा की तुमच्या आवारात लॉन आहे की रान. मेक्सिकन किंवा निवडक हरळी लावून, जमीन सपाट करून घेतली असेल तरच चाकांवरचं मशीन कामाचं. दगड, बांध, झाडांची खोडं, उतार आणि कमरेएवढं गवत असेल तर ब्रश कटर बरा, किंवा तो घेऊन येणारा माणूस. इथे रोजावर गवत कापून देणारे मिळतात. गुंठ्याभराच्या तुकड्यासाठी हजारो रुपयांचं मशीन घरात आणून वर्षातले आठ महिने त्याला जागा द्यावी, असं मला वाटत नाही.

लॉनच असेल तर मशीनच्या दोन जाती. पहिली रिळाची: फिरणारी पाती खालच्या पट्टीवर घासून कात्रीसारखं कापतात. इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी १८३० साली याचं पेटंट घेतलं; कल्पना सुचली ती गिरणीत कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून. काप सुंदर येतो, पण गवत आखूड आणि कोरडं हवं, आणि एक खडा पट्टीत अडकला की धार गेली. आपल्याकडे पहिल्या सरीत जमिनीतून खडे वर येतात ते वेगळेच. दुसरी जात सपाट फिरणाऱ्या पात्याची, म्हणजे रोटरी. ऑस्ट्रेलियात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ साली जो पहिला नमुना जुळवला त्याची पेट्रोलची टाकी पीचच्या रिकाम्या डब्याची होती. असल्या जुगाडातून आलेलं मशीन आपल्या ओबडधोबड जमिनीला जास्त मानवतं, यात मला नवल वाटत नाही.

रोटरी घेताना पात्याची रुंदी आवारावरून ठरवा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सोळा इंची पात्याने, थोडा काप कापावर घेत गेलं, तर गुंठ्याला सुमारे ९०० फूट चाल पडते. चार गुंठ्यांना एक किलोमीटरच्या वर. हे चालणं पावसाळ्यात दर आठवड्याला आहे. मोठं पातं घेतलं की फेऱ्या कमी होतात, पण वजन वाढतं, आणि ओल्या मातीत वजन ढकलणं म्हणजे काय ते एकदा ढकलल्याशिवाय कळत नाही. मागची चाकं मोठी असलेली बघा. आपोआप पुढे जाणारं मशीन घेत असाल तर ओढ मागच्या चाकांना हवी. वळवताना पुढची चाकं उचलली जातात, आणि ओढ तिथेच असेल तर ती हवेत फिरत राहतात.

गवत बाहेर पडायची सोय नीट बघा. फक्त मागे पिशवी असलेलं मशीन इथे जुलैत चोंदणारच. बाजूने गवत फेकणारं तोंड असलेलं घ्या. गवत बारीक करून तिथेच पसरवायची सोय कोरड्या दिवसांत छान, ओल्यात तिचे गोळे पडतात आणि खालची हिरवळ पिवळी होते. उंची कमी-जास्त करायला चार चाकांना चार खटके असण्यापेक्षा एकच दांडा असावा, कारण पावसाळ्यात ती सारखी बदलावी लागते. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. पावसाने दहा दिवस बाहेर पडू दिलं नाही आणि गवत फूटभर झालं, तर आधी ब्रश कटर, दोन-तीन दिवसांनी मोवर. मोवरने एका दमात उरकायला गेलं की इंजिनही रडतं आणि गवतही.

आता वीज की पेट्रोल. केबलवालं मशीन ओल्या गवतात चालवूच नये. कोरड्या दिवसांसाठी घेतलंच तर घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. लांब, बारीक केबल लावली की विजेचा दाब कमी पडतो आणि मोटर तापते. बॅटरीचं मशीन शांत आणि सुटसुटीत, पण ओलं गवत बॅटरी भराभर खातं, आणि पावसात आपल्याकडे वीज जाते तीही घाईने परतत नाही. पेट्रोलवर चार स्ट्रोकचं इंजिन असलं तर मोटारसायकलवाल्या मेकॅनिकलाही ते समजतं. आमच्या पहिल्या मशीनचा एक प्लास्टिकचा भाग तुटला तेव्हा इथल्या मेकॅनिकने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "काका, घ्यायच्या आधी विचारायचंत ना. याचं सामान मी कुठून आणू?" त्याच्याकडे कशाचं सामान मिळतं ते आधी विचारावं आणि मग दुकान गाठावं.

पेट्रोल इंजिनाच्या दोन गोष्टी दुकानदार हमखास विसरतो. नवं चार स्ट्रोक इंजिन बहुधा तेलाविना येतं. तेल न घालता दोरी ओढली तर ते सुरू होईल आणि थोड्याच वेळात जाम होईल. दुसरी, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मुभा असते, म्हणून पुस्तिका विकत घ्यायच्या आधी मागा. दिवाळीनंतर मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर जूनमध्ये कार्ब्युरेटर चोंदलेला सापडेल. ठेवायचं ते उंचावर. उल्हास नदीच्या २६ जुलै २००५ च्या पुराने काय केलं ते नदीकाठच्या घरांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी लागू. सोळा इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावतं. त्या वेगाने उडालेला खडा ओसरीवरच्या काचेला, गाडीला, पोराच्या डोळ्याला सारखाच. आधी आवारातून फिरून दगड, तारा, नारळाच्या करवंट्या उचला. पायांत गमबूट हवेत. गवतात फुरसं असू शकतं हे वेगळं. चोंदलेलं गवत हाताने काढायच्या आधी पेट्रोल मशीनच्या प्लगची टोपी काढा, विजेचं असेल तर पिन उपटा, बॅटरी असेल तर ती बाहेर काढा. मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं करा, नाहीतर तेल त्यात उतरतं.

खरेदी मेच्या मध्यापर्यंत उरका. जुलैत गवत गुडघ्याला लागल्यावर दुकानात गेलेला माणूस समोर असेल ते उचलतो. आणि जाताना माळ्याला बरोबर न्या. दहिवली-कर्जतच्या कितीतरी बंगल्यांचे मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. मशीन ढकलतो तो माळी. दांडा त्याच्या कमरेला येतो का, दोरी त्याला ओढता येते का, भरलेली पिशवी त्याला एकट्याला उचलवते का, हे त्याने दुकानातच करून बघावं. दुकानदार घाई करील. करू द्या.