मारुती ८००चे इंजिन घरी बांधायचे, तर खर्च किती?

गाडी निळा धूर मारते, चढावर पिकअप देत नाही, हजार किलोमीटरमागे लिटरभर तेल पिते. मेकॅनिक डिपस्टिक पुसतो आणि सांगतो, "इंजिन काम निघालंय." गाडी मारुती ८०० असेल आणि मालकाला पान्यांची आवड असेल, तर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की, हे आपणच घरी का करू नये? विचार चुकीचा नाही. घरी शिकायला याहून सोपे मोटारीचे इंजिन आपल्याकडे क्वचित मिळेल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ६८.५ मिलिमीटरचा बोअर आणि ७२ मिलिमीटरचा स्ट्रोक. डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी जानेवारी २०१४मध्ये बनायची थांबली, पण याच घराण्यातले इंजिन अल्टो ८००मध्ये २०२३पर्यंत चालू होते. त्यामुळे सुटे भाग अजून सहज मिळतात.

प्रश्न पैशांचा आहे, आणि तिथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. "मजुरी वाचेल" एवढेच गृहीत धरून लोक इंजिन उतरवतात. मजुरी खरोखरच वाचते, मात्र तिच्या जागी दुसरे खर्च येऊन बसतात. खाली दिलेले आकडे मोठ्या शहरांतल्या बाजाराचे ढोबळ अंदाज आहेत. दुकान, गाव आणि मालाच्या दर्जाप्रमाणे ते वरखाली होतील. खरेदीआधी दोन दुकानांतून लेखी भाव घ्या आणि भावात जीएसटी धरला आहे का, तेही विचारा. सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे.

आधी कागद, मग गेज

पाना हातात घेण्यापूर्वी आरसी बुक काढून बघा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षे उलटलेल्या मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये आहे. २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. नोंदणी सहा महिन्यांत संपणार असेल आणि पत्रा गंजलेला असेल, तर इंजिनावर पंचवीस हजार घालण्यात अर्थ नाही. फिटनेसला गाडी चेसिसवर नापास झाली, तर नवे पिस्टन तिला वाचवणार नाहीत.

यानंतर पहिली खरेदी कॉम्प्रेशन गेजची, ८०० ते १,५०० रुपयांची. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवत एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कागदावर लिहा. सिलिंडरा-सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर दोष रिंग किंवा बोअरचा. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या पॅकिंगचा. धूर फक्त सकाळी गाडी चालू करताना येतो आणि मग थांबतो, कॉम्प्रेशन मात्र चांगले आहे, अशा वेळी बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात. त्यांचा सेट दोनशे रुपयांच्या आत येतो. पांढरा धूर येतो आणि कूलंट कमी होते, तर हेडचे पॅकिंग आधी तपासा. या अर्ध्या तासाच्या चाचणीमुळे अनेकांचे पूर्ण इंजिन काम टळू शकते, म्हणून ती टाळू नका. गॅरेजला काम देणार असाल, तरी ही मोजमापे त्यांच्याकडून मागून घ्या.

लेथवाल्याचे बिल

घरी इंजिन बांधणारा माणूस खरे तर इंजिन खोलतो, धुतो आणि जोडतो. धातू कापण्याचे काम लेथवर, म्हणजे रिबोअरिंगच्या वर्कशॉपमध्येच होते. हा खर्च कुणालाच चुकत नाही.

तीन बोअर मारून होनिंग करायला साधारण १,२०० ते २,००० रुपये लागतात. क्रँक ग्राइंडिंगचेही तेवढेच. हेड फेसिंग ५०० ते ८००, व्हॉल्व्ह सीट कटिंग आणि गाइड बसवणे १,००० ते १,८००. सगळे करावे लागले, तर ४,००० ते ६,५०० रुपये धरा. सगळे करावे लागेलच असे नाही, आणि इथेच मोजमापाचे महत्त्व आहे. सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून फटीत फीलर गेज घालून बघा. ०.०५ मिलिमीटरची पाती आत गेली नाही, तर फेसिंगची गरज नाही. उगाच फेसिंग केल्याने हेड बारीक होत जाते. बोअर किती झिजला आणि किती अंडाकृती झाला, हे लेथवाल्याने बोअर गेजने तुमच्यासमोर मोजावे आणि आकडे बिलावर लिहून द्यावेत. "पहिला बोअर मारावाच लागेल" असे नुसते बोटाने चाचपून सांगणारा असेल, तर दुसरीकडे जा.

एक नियम काटेकोर पाळा. पिस्टन आधी विकत घ्या, बोअर मग मारा. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टनचा सेट लेथवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्यापुरता बोअर मारील. आधी बोअर मारून नंतर त्या मापाचा पिस्टन बाजारात शोधणे म्हणजे बूट आधी आणि पाय मागून शोधण्यासारखे आहे. क्रँकचेही तसेच. ग्राइंडिंगआधी कमी मापाचे बेअरिंग दुकानात शिल्लक आहे याची खात्री करा.

सुटे भाग

पिन आणि रिंगांसह तीन पिस्टनचा सेट ३,००० ते ४,५०० रुपये. मेन आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंग १,००० ते १,८००. ऑइल सीलसह फुल पॅकिंग सेट तेवढ्यालाच. सहा व्हॉल्व्ह, गाइड आणि सील १,५०० ते २,५००. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर १,००० ते १,५००. ऑइल पंप आणि वॉटर पंप मिळून २,००० ते ३,५००. तेल, फिल्टर, कूलंट, प्लग, होज पाइप आणि सीलंट यांत आणखी २,५०० ते ३,५०० जातात, आणि हाच आकडा लोक धरायला विसरतात. बेरीज १२,००० ते १९,०००. गिअरबॉक्स सुटलेलाच आहे तेव्हा क्लच बघा. तो संपत आला असेल तर आत्ताच २,५०० ते ३,५०० रुपये घाला, नाहीतर सहा महिन्यांनी हाच सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागेल.

माझे मत स्पष्ट आहे. बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट आणि हेडचे पॅकिंग या चार वस्तूंत काटकसर करू नका. कंपनीचा जेन्युइन माल किंवा नावाजलेल्या उत्पादकांचा (पिस्टन-रिंगांत गोएत्झे, श्रीराम, इंडिया पिस्टन्स) माल घ्या, तोही पक्क्या बिलासह. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे दुकाने भरपूर आहेत, पण खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. जुना नग सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघा. आणखी एक गोष्ट. सहा व्हॉल्व्हचे जुने इंजिन आणि २०००च्या सुमारास आलेले बारा व्हॉल्व्हचे इंजिन यांची हेड आणि बरेच भाग वेगळे आहेत. "८००चा पिस्टन द्या" एवढे सांगून भागत नाही.

भंगारातून अख्खे इंजिन आणून बसवण्याचा मोह काहींना होतो. ते इंजिन आतून कसे आहे ते कुणी सांगत नाही. शिवाय ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि त्याची आरटीओत नोंद करावी लागते, विमा कंपनीलाही कळवावे लागते. आपलाच ब्लॉक बांधला तर हा प्रश्न येत नाही.

हत्यारे

गोटी पान्यांचा बरा सेट २,५०० ते ४,०००, टॉर्क रेंच २,५०० ते ४,५००, फीलर गेज दीड-दोनशे, पिस्टन रिंग कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळून हजार-पंधराशे, चेन पुली ३,५०० ते ५,०००, जॅक स्टँडची जोडी १,५०० ते २,५००. कॉम्प्रेशन गेज धरून १२,००० ते १९,००० रुपये. चेन पुली भाड्याने आणता येते, बाकीची हत्यारे दोघा-तिघा मित्रांत वाटून घेता येतात. टॉर्क रेंच मात्र हवाच. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळायचे असतात. "हाताचा अंदाज" वीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रीकडे असतो, आपल्याकडे नसतो.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. इंजिन लहान दिसते म्हणून ते स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला टांगू नका. लोखंडी तिकाटणे किंवा पक्की तुळई हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवा, पेट्रोल काढून बंद डब्यात ठेवा. जुने तेल गटारात ओतू नका. जवळच्या गॅरेजमध्ये तेलाचा पिंप असतो, तिथे द्या.

जिथे पैसा नाही, वेळ लागतो

लेथवरून आलेला ब्लॉक चकचकीत दिसतो, पण तो स्वच्छ नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या रेघांत आणि तेलाच्या वाटांत अडकलेली असते. ती नुसत्या पेट्रोलने किंवा डिझेलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन बोअर घासा, तेलाच्या वाटांतून बाटली धुण्याचा लांब ब्रश फिरवा, हवा मारून सुकवा. मग पांढऱ्या सुती कापडावर थोडे तेल घेऊन बोअर पुसा. कापडावर करडा डाग आला की पुन्हा धुवा. कापड पांढरे निघेपर्यंत हे चालू ठेवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर ताज्या धातूवर थोड्याच वेळात गंज धरतो. ती पूड आत राहिली तर नव्या रिंगा आणि नवी बेअरिंग घासून निघतात, आणि केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. गॅरेजात दारात चार गाड्या उभ्या असताना इतका वेळ कोण देणार? घरी काम करणाऱ्याकडे हा वेळ असतो, आणि माझ्या मते घरी इंजिन बांधण्याचे खरे समर्थन हेच आहे.

जोडणीत तीच शिस्त ठेवा. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या खोलतानाच नंबर टाकून ठेवा, त्यांची अदलाबदल चालत नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण क्रँक पुलीच्या बाजूला येऊ द्या. रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नका. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन तोडून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवा. पहिले ५०० किलोमीटर गाडी ताणू नका, नंतर तेल आणि फिल्टर बदला. त्याचे हजारेक रुपये आजच बाजूला काढून ठेवा.

मग परवडते का?

भाग आणि लेथ मिळून १६,००० ते २६,००० रुपये. गॅरेजची मजुरी ८,००० ते १२,००० धरली, तर बाहेर फुल इंजिनला २४,००० ते ३८,००० लागतील. घरी वाचते ती मजुरी, पण पहिल्या खेपेला हत्यारांतच तेवढे किंवा त्याहून जास्त जातात. म्हणजे पहिले इंजिन घरी बांधणे गॅरेजपेक्षा स्वस्त नाही. दुसऱ्या इंजिनापासून, किंवा हत्यारे उसनी मिळाली तरच, पैसे उरतात. त्यातच गाडी रोजच्या कामाची असेल आणि दुसरे वाहन नसेल, तर रिक्षाचे भाडेही खर्चात धरा.

म्हणून माझा सल्ला असा. गाडी विकायची असेल तर इंजिनाला हात लावू नका, केलेला खर्च किमतीत परत येत नाही. गाडी कामाची असेल तर गॅरेजला द्या, पण बोअर आणि क्रँकची मापे बिलावर लिहून घ्या आणि जुने भाग परत मागा. गाडी पाच-सात वर्षे ठेवायची असेल, नोंदणी शिल्लक असेल, बंदिस्त जागा आणि दोन महिन्यांचे शनिवार-रविवार हाताशी असतील, तर घरी जरूर बांधा. ठरवलेल्या रकमेपेक्षा २० टक्के जास्त जवळ ठेवा, कारण ब्लॉक उघडल्याशिवाय आतली झीज कुणालाच सांगता येत नाही.