क्रीडनक-विचार : एक ते दोन वर्षे वयाच्या बालकासाठी खेळण्यांची निवड

कौमारभृत्याचा अभ्यास करताना धात्रीपरीक्षा, लेह, फक्क, बालग्रह हे विषय आपण सर्वांनी, परीक्षेपुरते का होईना, बारकाईने वाचलेले असतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या, जातिसूत्रीय अध्यायात खेळण्यांविषयी आलेला लहानसा उल्लेख मात्र बहुधा एका गुणाच्या प्रश्नापुरताच स्मरणात राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात सुवर्णप्राशनासाठी बालकास घेऊन येणारी माता याविषयी वैद्यालाच विचारते आणि अनेक औषधालयांतून खुळखुळे व दात येतानाची चावणी विक्रीस ठेवलेली असतात. म्हणून या विषयाची थोडी विस्ताराने चर्चा करणे उचित ठरेल.

खेळणे विविधरंगी, नाद करणारे व मनोहर असावे; ते जड, टोकदार, मुखात शिरणारे, प्राणघातक किंवा भय उत्पन्न करणारे नसावे, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. या आठ गुणांपैकी पाच नकारार्थी शब्दांनी सांगितले आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. काय असावे यापेक्षा काय नसावे याची चिंता आचार्यांना अधिक होती. वाग्भटाने लाखेची, आकाराने मोठी, गाय-घोडा अशा आकृतींची खेळणी सुचविली आहेत. काश्यपसंहितेच्या खिलस्थानातही पशुपक्ष्यांच्या आकृतींचा उल्लेख येतो. 'मोठे' हा वाग्भटाचा शब्द 'अनास्यप्रवेशी' या चरकोक्त गुणाचाच व्यवहारातील अर्थ होय.

आता वयाचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी बालके साधारणतः ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागतात. या अवस्थेत ढकलण्याचे व ओढण्याचे खेळणे सर्वांत उपयुक्त. आपल्याकडील लाकडी पांगुळगाडा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यात बालक स्वतःच्या पायांवर भार घेऊन उभे राहते. ज्यात मूल मध्यभागी बसविले जाते तो चाकांचा वॉकर ही वेगळी वस्तू आहे. तो चालणे लवकर शिकवीत नाही, उलट जिन्यावरून पडण्याच्या अपघातांना कारण होतो. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. आपल्या दुकानातून तो विकू नये, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

सुमारे १५ व्या महिन्यात बालक दोन ठोकळे एकावर एक ठेवते, दीड वर्षाचे झाल्यावर तीन-चार, तर दोन वर्षांचे होईतो सहा. लाकडी ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणाचा डबा आणि मोठा मऊ चेंडू एवढे साहित्य या काळास पुरते. दीड वर्षानंतर अनुकरणाचा खेळ सुरू होतो. मूल बाहुलीला भरवू लागते, रिकाम्या पेल्यातून पाणी पिते. अशा वेळी भातुकलीतील बारीक बोळकी न देता स्वयंपाकघरातील वाटी व पळीच द्यावी.

'घोषवत्' म्हणजे बॅटरीवर कर्कश गाणारे खेळणे नव्हे. नाद हवा, परंतु त्रास नको, अशी दोन्ही बाजूंची मर्यादा आचार्यांनीच घातली आहे. १० ते १६ महिन्यांच्या २६ बालकांचा त्यांच्या पालकांसह केलेला एक अमेरिकी अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. विद्युत् खेळण्यांशी खेळताना पालक चित्रपुस्तकांच्या व साध्या खेळण्यांच्या तुलनेत कमी शब्द बोलतात, असे त्यात आढळले. नमुना लहान आहे, तरी निरीक्षण पटण्यासारखे आहे. खेळणे बोलू लागले की आई गप्प होते.

लाखेच्या खेळण्यांविषयी द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना रुचेल अशी एक गोष्ट. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी परंपरेने ज्या पांढऱ्या लाकडाची कातली जातात तो वृक्ष म्हणजे काळा कुडा. ज्याचे बी गोड इंद्रजव म्हणून बाजारात येते आणि कडू इंद्रजवात भेसळीस वापरले जाते, तोच हा. आपल्या सावंतवाडीसही लाकडी रंगीत खेळण्यांची जुनी परंपरा आहे. तथापि 'लाकडी' एवढ्या शब्दावर विसंबू नये. वरचा रंग लाखेचा आहे की बाजारी तैलरंग, हे विचारून घ्यावे. तैलरंगात शिसे असू शकते आणि या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे हस्तकलेच्या वस्तूवर चिन्ह नसणे हा दोष नव्हे. तेथे विक्रेत्याची जबाबदारी मात्र वाढते.

तीन वर्षांखालील बालकासाठी लहान भागांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीने करतात. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, त्याहून नळी किंचित रुंद. पुठ्ठ्याची अशी नळी काउंटरवर ठेवावी. खेळणे किंवा त्याचा सुटणारा भाग तीत पूर्ण मावल्यास ते देऊ नये. फुगे या वयात वर्ज्यच.

सर्वांत घातक वस्तू म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बटण-बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर दाह होऊ शकतो. लालास्राव, गिळण्यास नकार, खोकला ही लक्षणे कास किंवा छर्दि समजून औषध देण्याचा मोह टाळावा. शंका येताच बालकास क्ष-किरण तपासणी व दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. वमन कदापि देऊ नये. बालक एक वर्षावरील असून नीट गिळू शकत असेल आणि घटना १२ तासांच्या आतील असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, अशा जास्तीत जास्त सहा मात्रा देण्याची शिफारस आहे. मात्र मधासाठी क्षणभरही थांबू नये.

आणखी एक गोष्ट विशेषतः औषधालयांच्या चालकांसाठी. रडणाऱ्या मुलाला गोळ्यांची डबी वाजवायला देण्याची सवय घरोघरी आढळते. झाकण निघाले की गुग्गुळकल्पाची गोळी श्वासमार्गात जाण्यास वेळ लागत नाही, आणि रसकल्प असल्यास विषबाधेचे भय निराळे. डबी देताना 'ही बालकाच्या हाती देऊ नये' असे तोंडी सांगावे व तीच सूचना वेष्टनावर मराठीत छापावी.