झोपेची गोळी सुटल्यानंतरचे दिवस

व्यसन म्हटले की आपल्यासमोर दारू, गुटखा आणि मटका उभा राहतो. व्यसनमुक्तीवरील व्याख्यानेही बहुधा तेथेच थांबतात. परंतु कित्येक घरांत उशाजवळ, पाण्याच्या तांब्याशेजारी, एक लहानशी गोळी ठेवलेली असते. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असते आणि ती घेणारा माणूस चारचौघांत निर्व्यसनी म्हणून ओळखला जातो. कोणी तिला काम्पोज म्हणतो, कोणी अल्प्रॅक्स, तर कोणी नुसतीच ‘झोपेची गोळी’. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही यांची शास्त्रीय नावे असून बेंझोडायझेपिन हे त्यांचे कुळ आहे. ही गोळी बरीच वर्षे घेतल्यावर बंद केली असता काही जणांना महिनोन् महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ जो त्रास होतो, त्याचा विचार सदर लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील कारकून आहे. त्यामुळे येथे औषधयोजना सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि हा लेख वाचून कोणीही उद्या सकाळी गोळी फेकून देऊ नये. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकते. गोळी कमी करावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

या औषधांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील नटली या गावी, हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. लिओ स्टर्नबाख हे तेथील रसायनशास्त्रज्ञ. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना तपासणीविना पडून राहिलेले एक संयुग हाती लागले, ते चाचणीस पाठविण्यात आले आणि त्यातून १९६० साली लिब्रियम बाजारात आले. पाठोपाठ १९६३ साली व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम आले. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट गोळ्या दिल्या जात. त्यांचा डोस थोडा चुकला तरी माणूस दगावत असे. त्यामानाने नवी गोळी फारच निर्धोक वाटली, आणि डॉक्टरांनी ती सढळ हाताने लिहिली. त्यांना सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही. फिट आलेल्या रुग्णाला, शस्त्रक्रियेपूर्वी घाबरलेल्या माणसाला आजही याच औषधांचा आधार असतो. अडचण आहे ती मुदतीची. चार दिवसांची गोळी चौदा वर्षे चालू राहते, तेथे गाडे बिघडते.

ठरलेल्या मर्यादेतच गोळी घेणाऱ्यांनाही ती सुटताना त्रास होतो, हे लंडनच्या पेटुरसन व लेडर या डॉक्टरांनी १९८१ साली दाखवून दिले. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत, असा सल्ला दिला. भारतात डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे गोळ्या १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ या अनुसूचीत असून दुकानदाराने त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावयाची असते. मात्र नोंदवही ठेवणे निराळे आणि जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे पाकीट देत राहणे निराळे. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर पासबुकासोबत घडी पडून पडून फाटलेली औषधाची चिठ्ठी बाहेर येते, तेव्हा त्या चिठ्ठीवरील तारीख पाहून आश्चर्य वाटते.

आता त्रास का होतो, ते पाहू. आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य आहे. चेतापेशी खवळल्या की त्यांना ‘शांत व्हा’ असे सांगणे हे त्याचे काम. घरातील एखादे वडीलधारे माणूस जसे हळू आवाजात बोलून भांडण मिटवते, तसेच हे. गोळी स्वतः काही बोलत नाही. ती त्या वडीलधाऱ्याच्या हाती लाऊडस्पीकर देते. पहिल्या रात्री घर चिडीचूप होते. परंतु कानाशी रोजच लाऊडस्पीकर वाजू लागला की ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात. चेतापेशींवरील गाबाचा निरोप घेणाऱ्या जागा पूर्वीइतक्या दाद देईनाशा होतात. मग तीच गोळी पुरत नाही. आणि एके दिवशी लाऊडस्पीकर काढून घेतला, तर वडीलधाऱ्याचा मूळचा हळू आवाज त्या बधिर कानांना ऐकूच येत नाही. घरात एकच गोंधळ माजतो. हाच तो सुटतानाचा त्रास. कान पुन्हा तयार होतात, पण त्यांच्या गतीने. हातपाय मोडल्यावर प्लास्टर दिसते, म्हणून लोक वाट पाहतात. येथे प्लास्टर दिसत नाही, एवढाच फरक.

या विषयात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या डॉ. हेदर अॅश्टन यांचा जन्म १९२९ साली आपल्या देशात, डेहराडून येथे झाला. त्यांचे वडील हॅरी चॅम्पियन हे वनअधिकारी होते. भारतातील जंगलांच्या प्रकारांचे वर्गीकरण आजही त्यांच्या नावाने अभ्यासले जाते. वनसेवेच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचे असेल. डॉ. अॅश्टन यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी दवाखाना चालविला. सुमारे ३०० रुग्ण त्यांनी हाताळले आणि त्या अनुभवातून १९९९ साली एक मार्गदर्शक पुस्तिका सिद्ध केली, जी २००२ साली सुधारण्यात आली. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ‘हे मी रुग्णांकडूनच शिकले’ अशी त्यांची भूमिका होती. रुग्ण सांगतो ते आधी खरे मानावयाचे, मग तपासावयाचे, ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

त्यांच्या पद्धतीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. रोज ४० मिलिग्रॅम डायझेपाम घेणाऱ्याने दर एक-दोन आठवड्यांनी २ मिलिग्रॅम कमी करीत २० वर यावे. पुढे दर वेळी फक्त १ मिलिग्रॅम कमी करावा. म्हणजे पहिल्या टप्प्यात दहा पायऱ्या, दुसऱ्यात वीस. एकूण ३० ते ६० आठवडे. पुढे हप्ता लहान का करावयाचा? आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे घटत्या शिलकेचा हिशेब चालतो. चाळिसातून दोन कमी केले तर वजावट पाच टक्के. पण चारातून दोन कमी केले तर ती पन्नास टक्के होते. ‘आता अर्धीच तर गोळी राहिली, टाका सोडून’ असे म्हणणारे नातेवाईक हा हिशेब विसरतात. गोळीच्या आकारावरही जाऊ नये. डॉ. अॅश्टन यांच्या कोष्टकानुसार अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी डायझेपामच्या १० मिलिग्रॅमच्या जोडीची आहे. शिवाय अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, डायझेपाम सावकाश. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर आधी सावकाश निघणाऱ्या गोळीवर आणतात. हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा.

इतके सांभाळून गोळी सुटली, तरी सर्वांचीच सुटका लगेच होत नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. परंतु दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांपैकी १० ते १५ टक्के लोकांचा त्रास रेंगाळतो, असा डॉ. अॅश्टन यांचा अंदाज होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशारा वाढविला, तेव्हा हा त्रास काही आठवड्यांपासून बारा महिन्यांहून अधिक काळ टिकू शकतो, हेही नमूद केले.

या त्रासाचे स्वरूप चमत्कारिक असते. झोप लागत नाही किंवा लागली तरी पहाटे तीनला दचकून जाग येते. कारण नसता छातीत धडधड होते. कानात रातकिड्यांसारखा आवाज घुमत राहतो. तळपायांना मुंग्या येतात, कातडीवरून काहीतरी सरपटल्यासारखे वाटते, स्नायू आखडतात, पोट बिघडते. ट्यूबलाइटचा उजेड टोचतो, कुकरची शिट्टी सहन होत नाही. वाचलेले लक्षात राहत नाही. आणि सर्वांत भीतिदायक म्हणजे स्वतःच स्वतःला परके वाटणे. आपण आरशातून आपल्याच घराकडे पाहत आहोत, असा भास. यांपैकी प्रत्येकाला सगळेच होते असे नाही.

त्याची चालही सरळ नसते. चार दिवस बरे जातात, माणूस बाजारात जाऊन येतो, हसतो; आणि पाचव्या दिवशी पुन्हा सारे उसळते. ‘गेलेले दुखणे परत आले, मी कधीच बरा होणार नाही’ हा विचार येथेच मनात शिरतो. खरे तर भरती-ओहोटी हाच या बरे होण्याचा नेहमीचा रस्ता आहे. समुद्रकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही की लाट आली म्हणजे ओहोटी थांबली असे होत नाही. साधारणपणे चिंता वर्षभरात हळूहळू उतरते, झोप सहा ते बारा महिन्यांत सुधारत जाते. मुंग्या आणि कानातील आवाज मात्र चिवट; ते वर्षभर किंवा अधिक काळ राहू शकतात आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत कायमचेही राहतात. स्मरणशक्तीही कधी कधी उशिरा परतते. खोटी आशा दाखविण्यापेक्षा हे आधीच सांगितलेले बरे.

अशा काळात माणसाला खरा मार बसतो तो घरातून. रक्ताची तपासणी बरोबर येते, एक्स-रे स्वच्छ येतो, मग घरचे म्हणतात, ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’ सासूबाई बाहेरचे काही झाले असेल म्हणून अंगारा आणावयास सांगतात. कार्यालयात साहेब म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. ज्याला दिसणारी जखम नाही त्याच्यावर विश्वास ठेवणे आपल्याला जड जाते. असा माणूस मग एकतर पुन्हा मुकाट्याने गोळी सुरू करतो, किंवा संध्याकाळी दारूचा आधार घेतो. दारू मेंदूतील त्याच जागांवर काम करते, म्हणून ती येथे दुहेरी घातक. घरच्यांनी काय करावे? उपदेश कमी करावा. रात्री तीन वाजता तो उठून बसला तर दिवा न लावता जवळ बसावे. ‘काल बरे होते ना, मग आज काय झाले?’ हा प्रश्न विचारू नये. मागच्या दिवाळीपेक्षा या दिवाळीत काय सुधारले ते त्याला दाखवून द्यावे, कारण ते त्याला स्वतःला दिसत नसते.

यासाठी एक साधी शंभर पानी वही उपयोगी पडते. रोज दोन ओळी: झोप किती तास, त्रास कोणता, काय केले. रोज वाचावयाची नाही, महिन्याने वाचावयाची. लहरीप्रमाणे गोळी कमीजास्त करणे त्यामुळे टळते आणि डॉक्टरांसमोर बोलताना चाचपडावे लागत नाही. ठरावीक वेळी उठणे, सोसेल इतके चालणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, जेवण न चुकविणे, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण या काळात चेतासंस्था एका कप कॉफीनेही भडकते. जोरजोरात व्यायाम करून घाम काढण्याचा उत्साह मात्र आवरावा. निद्रानाशासाठी आणि धास्तीसाठी समुपदेशनाच्या शास्त्रशुद्ध पद्धती आहेत, त्यांचा फायदा होतो. नैराश्य टिकून राहिले तर डॉक्टर दुसरे औषध सुचवितात; ‘आता आयुष्यात एकही गोळी नको’ असा हट्ट धरून ते नाकारू नये. आणि प्रत्येक दुखणे जुन्या गोळीच्या खात्यावर मांडू नये. छातीत कळ आली, वजन झपाट्याने घटले, हात थरथरू लागले, तर हृदय, थायरॉइड, रक्तक्षय यांची तपासणी झालीच पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी एक शब्द. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप यावी म्हणून आजोबांच्या पाकिटातील अर्धी गोळी घेण्याची कल्पना वसतिगृहांतून फिरत असते. ही गोळी नवे वाचलेले लक्षात ठेवण्याच्या क्रियेतच अडथळा आणते, म्हणजे ज्यासाठी घ्यावयाची तेच बुडते. आजोबांचे पाकीट मात्र जरूर पाहा. ते किती वर्षे गोळी घेत आहेत ते विचारा, चिठ्ठीवरील तारीख वाचा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. म्हातारपणी या गोळीने तोल जाऊन पडण्याचा, खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

ज्यांना खाजगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत नाहीत, त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. सोबत गोळीचे रिकामे पाकीट, जुनी चिठ्ठी आणि वही न्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून बोलता येते आणि त्यास पैसे पडत नाहीत. त्रास असह्य होऊन जीव नकोसा वाटू लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता घरातील कोणाला तरी उठवावे, त्याच्या समोरच हा क्रमांक फिरवावा, आणि धोका वाटल्यास सरळ रुग्णालय गाठावे.