कागदी फुलांचे वाढदिवसाचे कार्ड

आमच्या वसतिगृहातील बऱ्याच मुलींची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे. शाळेत नाव घालताना लिहिलेली ती तारीख. तेव्हा सुट्टी असते, मग कार्ड कोण देणार? म्हणून यंदा मुलींनी आयांना विचारले. कुणी भातलावणीत जन्मली, कुणी होळीच्या आदल्या रात्री. तेच दिवस आम्ही धरले.

जाड कागदाचा ए-४ ताव मधोमध दुमडा. आधी घडीवर संपलेल्या रिफिलने रेघ दाबा, म्हणजे कड सरळ येते. फुलासाठी पातळ रंगीत कागदाचे ८ सेंमी व्यासाचे वर्तुळ घ्या. कडेपासून आत फिरत, बोटभर रुंद पट्टी जिलबीसारखी कापत जा. मध्ये रुपयाएवढी चकती ठेवा. बाहेरच्या टोकाकडून घट्ट गुंडाळा, मग बोटे सैल सोडा. गुलाब आपसूक उमलतो. चकतीला डिंक लावून त्यावर फूल बसवा आणि वीस मोजेपर्यंत दाबून धरा. मुली दहालाच सोडतात! चमकी मात्र मी देत नाही, ती जेवणाच्या ताटात येते.

टपालाने पाठवायच्या कार्डावर नुसत्या सपाट पाकळ्या चिकटवा. उठावाचे फूल पाकिटात चेपते.

आत दाखल्यावरचे नाव नको. घरी हाक मारतात ते लिहा.