आठवावं की विसरावं?

प्रश्न : माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, त्या दिवसांच्या गोष्टी ते रोज सांगतात. रविवारी उपासनेहून घरी आले की ठरलेलं वाक्य : "आता पहिल्यासारखं राहिलं नाही." माझी मुलं चर्चला यायला टाळाटाळ करू लागली आहेत. जे चांगलं होतं ते आपल्या जन्माआधीच होऊन गेलं, असं त्यांना वाटतं. परवा पाळकांनी फिलिप्पैकरांस पत्रातून मागलं विसरण्यावर संदेश दिला आणि त्याच उपासनेत प्रभुभोजन झालं. ते तर प्रभूच्या आठवणीसाठीच असतं. मग ख्रिस्ती माणसानं आठवावं की विसरावं?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : तुमच्या वडिलांची आठवण खोटी नाही, हे आधी सांगतो. 1953 पासून 1983 पर्यंत, तब्बल तीस वर्षं, ही सेमिनरी यवतमाळात होती. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं कापसाच्या या आडबाजूच्या जिल्ह्यात येऊन ईश्वरविज्ञान शिकली. मग संस्था पुण्याला, बिबवेवाडीत गेली. गावातून शिक्षकांची बिऱ्हाडं उठली, दरवर्षी येणारे नवे चेहरे यायचे थांबले, तर मागे राहिलेल्यांना घर ओकंबोकं वाटणारच. हे दुःख आहे. त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका.

आता तुमचा प्रश्न. जुन्या आठवणींत रमण्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, स्मरणरंजन. त्यातलं 'रंजन' काढलं की उरतं ते स्मरण. प्रभुभोजनाच्या मेजावर आपल्याला स्मरण सांगितलं आहे. तिथे आठवायचं काय, तर मोडलेलं शरीर आणि सांडलेलं रक्त. त्यात मनाला गोंजारणारं काही नाही. शिवाय ती भाकर खाऊन आपण त्याच दुपारी, त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत परततो. रंजन मात्र आपल्याला मागेच बसवून ठेवतं, आणि त्यासाठी आठवणीतला अर्धा भाग गाळून टाकतं.

गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय वडिलांबरोबर बसून वाचा. अरण्यात मान्ना खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसर आठवतो. मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, सगळी यादी तोंडपाठ! मासे तर म्हणे फुकट मिळत. त्या जेवणामागे पाठीवर मुकादमाचा चाबूक होता आणि नवजात मुलगे नदीत टाकले जात होते, हे मात्र कुणी बोलत नाही. हा उतारा मला दरवेळी अस्वस्थ करतो, कारण हे लोक खोटं बोलत नाहीत. कांदे खरेच होते. फक्त तेवढेच आठवले.

आपल्या मंडळ्यांचे जुने दिवसही असेच आठवले जातात. मिशनच्या काळात शिस्त होती, शाळा होत्या, दवाखाने होते, हे सगळं खरं. पण त्याच काळात निर्णय साहेबाच्या बंगल्यावर होत आणि आपली माणसं पगारी नोकर असत. नारायण वामन टिळकांना हे इतकं सलत होतं की 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करू पाहिला. आज सोन्याचे वाटणारे दिवस त्या दिवसांत जगणाऱ्या टिळकांना पुरे वाटत नव्हते.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये. पण लहानपणापासून कानात असलेले अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकून दिलं नाही. ते ख्रिस्ताच्या भजनाला लावलं, म्हणून आजही आपली मंडळी आपल्या भाषेत, आपल्या चालीत गाते. मागचं सोडणं म्हणजे ते पुसून टाकणं नव्हे, हे मला टिळकांकडे पाहून कळलं.

आणि खरं स्मरण कसं असतं ते पाहायचं तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उघडा. नवऱ्याचा तापट स्वभाव, ताटातुटीची वर्षं, घरातली चणचण, स्वतःचं सोवळं-ओवळं आणि ते कसं गळून पडलं, काहीच त्यांनी लपवलेलं नाही. त्या टिळकांवर जिवापाड प्रेम करत होत्या. तरी टिळकांचा देव्हारा त्यांनी केला नाही.

आता फिलिप्पैकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाविषयी. ज्या अध्यायात तो मागलं विसरण्याची गोष्ट करतो, त्याच अध्यायाच्या सुरुवातीला त्यानं आपला सगळा भूतकाळ बारकाईनं मांडला आहे : आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचं कूळ, नियमशास्त्राच्या दृष्टीनं परूशी असणं. म्हणजे त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे! त्या भूतकाळाच्या जमेवर जगायचं त्यानं सोडलं, एवढाच त्या विसरण्याचा अर्थ. धावणारा मागे वळून पाहू लागला की अडखळतो. आणि हे पत्र त्यानं बंदिवासातून लिहिलं आहे. 'पहिलं बरं होतं' म्हणायला त्याच्याइतकं कारण क्वचितच कुणाला असेल.

वडिलांच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर त्यांना एज्राचा तिसरा अध्याय वाचून दाखवा. बाबेलहून परतलेल्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा अनेकांनी आनंदानं आरोळ्या मारल्या आणि जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले. रडणं कुठलं आणि जल्लोष कुठला, हे ओळखू येईना. त्या म्हाताऱ्यांना तिथे कुणी दटावत नाही. पुढे ते काम थांबलं आणि इ.स.पू. 520 मध्ये हाग्गय संदेष्टा उभा राहिला. पहिलं वैभव पाहिलेले तुमच्यात कोण उरले आहेत, असं त्यानं विचारलं. हे नवं तुम्हाला काहीच वाटत नाही ना, हेही त्यानं स्वतःच बोलून टाकलं. आणि मग सांगितलं की हिंमत धरा, कामाला लागा, देव तुमच्याबरोबर आहे.

म्हणून वडिलांना गप्प करू नका. त्यांच्या गोष्टी पुऱ्या करून घ्या. "तेव्हा चर्च भरलेलं असायचं" म्हणाले की विचारा : पण भांडणं कशावरून होत? मागच्या बाकावर कोण बसे? सेमिनरी गेली त्या वर्षी मंडळीत कोण टिकून राहिलं, दिवे कुणी लावले, शब्बाथशाळा कुणी घेतली? त्या उरलेल्या माणसांची गोष्ट तुमच्या मुलांनी बहुधा ऐकलेलीच नाही, आणि मुलं आज ज्या मंडळीत बसतात ती त्याच माणसांनी राखलेली आहे. सेमिनरी यवतमाळात होती तीस वर्षं. ती गेल्यावर तिच्याशिवाय तुमची मंडळी चाळीस वर्षांहून अधिक काळ उपासना करत आली आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर वडिलांना मुलांच्या वर्गात घेऊन जा. त्या दिवसांतली एखादी चाल त्यांना येत असेल, तर ती मुलांना शिकवू द्या. मुलांनी ती ढोलकीऐवजी कीबोर्डवर बसवली, तर तसंच होऊ द्या. आणि वडिलांना माझा सलाम सांगा.